६१७ अंकी संख्येचे अवयव पाडा

१८ जून १९८० रोजी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात शकुंतलादेवींसमोर दोन संख्या ठेवल्या गेल्या. पहिली ७६,८६,३६,९७,७४,८७० आणि दुसरी २४,६५,०९,९७,४५,७७९. दोन्ही तेरा अंकी, कॉलेजच्या संगणक विभागानं कोणताही क्रम न पाळता निवडलेल्या. यांचा गुणाकार करायचा होता, तोही मनातल्या मनात. २८ सेकंदांनी उत्तर आलं: १,८९,४७,६६,८१,७७,९९,५४,२६,४६,२७,७३,७३०. सव्वीस अंक, एकही चूक नाही. बंगळुरूत १९२९ साली जन्मलेल्या या बाईंचा विक्रम पुढे गिनीज बुकात नोंदला गेला.

या पराक्रमाचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण त्या दिवशी प्रश्न उलटा विचारला असता तर? म्हणजे गुणाकार आधी सांगितला आणि तो कोणत्या संख्यांमधून आला हे विचारलं, तर? शाळेत आपण याला अवयव पाडणं म्हणतो. ३५ चे अवयव ५ आणि ७, हे पाचवीतलं मूल सांगतं. संख्या वाढत गेली की गुणाकार थोडासाच लांबतो, पण अवयव पाडण्याचं काम आवाक्याबाहेर निघून जातं. या दोन कामांमधली दरी किती रुंद आहे, हे आकड्यांनी मोजू लागलं की डोकं गरगरतं. आणि या दरीच्या भरवशावर आज १३० कोटींहून अधिक भारतीयांच्या बोटांचे ठसे सुरक्षित आहेत असं आपण मानतो.

एका संख्येची २७ वर्षं

फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन यांनी १६४४ साली काही संख्यांची यादी दिली. २ चा अमुक घात घ्या आणि त्यातून १ वजा करा, अशा रूपाच्या त्या संख्या. यादीत २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या मूळ असल्याचं म्हटलं होतं. मूळ संख्या म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून जिला दुसऱ्या कशानंही भाग जात नाही ती. ही संख्या आहे १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७.

१८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी सिद्ध केलं की ही संख्या मूळ नाही. पण तिचा एकही अवयव त्यांना ठाऊक नव्हता. संख्या फुटते हे नक्की, कशी फुटते हे अज्ञात, अशी अवस्था पुढची २७ वर्षं राहिली. १९०३ मध्ये अमेरिकन गणिती फ्रँक नेल्सन कोल यांनी अवयव मांडले: १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७. त्यांनी यासाठी तीन वर्षांचे रविवार खर्ची घातले असं सांगतात. उत्तर हाती आल्यावर पडताळायला मात्र कागद, पेन्सिल आणि अर्धा तास पुरतो.

संख्या न फोडताही ती फुटणारी आहे हे कसं कळतं? पियेर द फर्मा यांनी १६४० मध्ये सांगितलेला नियम साधा आहे. प ही मूळ संख्या असेल, तर २ चा प वा घात वजा २ या संख्येला प नं पूर्ण भाग जातो. ७ घेऊन पाहा: १२८ वजा २ म्हणजे १२६, आणि १२६ ला ७ नं भाग जातो. आता ९ घ्या: ५१२ वजा २ म्हणजे ५१०, आणि ५१० ला ९ नं भागल्यावर ६ उरतात. म्हणजे ९ मूळ नाही. ९ च्या आत ३ दडलेले आहेत याचा उल्लेखही न करता निकाल लागला.

मोठ्या संख्येसाठी २ चा इतका प्रचंड घात काढायचा कसा? तो पूर्ण काढावाच लागत नाही. वर्ग करायचा, बाकी ठेवायची, पुन्हा वर्ग करायचा. या रीतीनं ३०९ अंकी संख्येची परीक्षासुद्धा दोनएक हजार गुणाकारांत संपते. साध्या लॅपटॉपला त्यासाठी डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही.

या परीक्षेत एक खोट आहे. रामानुजन यांच्या नावाशी जोडली गेलेली १७२९ ही संख्या ७, १३ आणि १९ यांचा गुणाकार आहे, तरी ती फर्माच्या परीक्षेत उत्तीर्ण होते. २ ऐवजी ३ घ्या, ५ घ्या, कोणतीही संख्या घ्या, १७२९ दर वेळी मूळ संख्येचं सोंग वठवते. अशी सोंगं घेणाऱ्या संख्या अनंत आहेत, हे १९९४ मध्ये सिद्ध झालं. गॅरी मिलर आणि मायकेल रॅबिन यांनी १९७६ ते १९८० या काळात परीक्षा कडक केली. त्यांच्या कसोटीच्या एका फेरीतून तोतया निसटण्याची शक्यता चारात एकपेक्षा कमी असते. ४० फेऱ्या घेतल्या की ती १ भागिले १ वर २४ शून्यं इतकी खाली येते. व्यवहाराला एवढं पुरतं. गणिताला पुरत नाही, कारण ‘जवळजवळ नक्की’ म्हणजे सिद्धता नव्हे.

कानपूरचा निबंध, बंगळुरूचा गणिती

ही उणीव ऑगस्ट २००२ मध्ये भरून निघाली. आयआयटी कानपूरचे प्राध्यापक मणींद्र अग्रवाल आणि नुकतेच बी.टेक. झालेले त्यांचे दोन विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना, यांनी जेमतेम नऊ पानांचा निबंध जगापुढे ठेवला. कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे झटपट, शंभर टक्के खात्रीनं आणि कुठलंही गृहीतक न धरता ठरवता येतं, हे त्यांनी सिद्ध केलं. ‘झटपट’ला इथे काटेकोर अर्थ आहे. संख्येच्या आकारामागे नव्हे, तर तिच्यात किती अंक आहेत त्यामागे वेळ वाढतो, आणि तोही ठरावीक घातापलीकडे नाही. जगभरचे गणिती अनेक दशकं ज्याच्या मागे होते, ते तिघा भारतीयांनी पदवीच्या अभ्यासक्रमातल्या साधनांनी साधलं. २००६ मध्ये त्यांना गोडेल आणि फुलकर्सन हे दोन मोठे पुरस्कार मिळाले.

त्यांच्या युक्तीचं बीज आपल्याला जुन्या काळापासून माहीत असलेल्या मेरुप्रस्तारात आहे. पाश्चात्त्य पुस्तकांत त्याला पास्कलचा त्रिकोण म्हणतात. या त्रिकोणातली सातवी ओळ अशी: १, ७, २१, ३५, ३५, २१, ७, १. दोन टोकांचे १ सोडले तर बाकी प्रत्येक संख्येला ७ नं भाग जातो. नववी ओळ पाहा: १, ९, ३६, ८४, १२६… ८४ ला ९ नं भाग जात नाही. मूळ क्रमांकाच्या ओळीत सगळ्यांना भाग जातो, संयुक्त क्रमांकाच्या ओळीत कुणीतरी अडखळतोच. इथे १७२९ चं सोंग टिकत नाही. अडचण एवढीच की ३०९ अंकी क्रमांकाच्या ओळीत तितक्याच अफाट संख्या असतात, त्या तपासायला विश्व अपुरं पडेल. कानपूरच्या तिघांनी ती ओळ घडी घालून इतकी आखूड केली की काम आटोक्यात आलं, आणि घडी घातल्यानं काहीही निसटत नाही हेही दाखवलं.

नीरज कयाल पुढे बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियात रुजू झाले. ते तिथे आता काय शोधतात, त्याकडे शेवटी येऊ. कानपूरच्या पद्धतीबद्दल एक गोष्ट मात्र इथेच लक्षात घ्यायला हवी. ल्युका यांच्याप्रमाणे तीही संख्या फुटते एवढंच सांगते. अवयव सांगत नाही.

तुमचा आधार क्रमांक मूळ आहे का?

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. सातपुड्याच्या पायथ्याच्या जिल्ह्यातून सुरू झालेल्या या व्यवस्थेचं तंत्रज्ञान केंद्र बंगळुरूत आहे. तिची माहितीकेंद्रं बंगळुरूच्या हेब्बाळमध्ये आणि हरियाणातल्या मानेसरला आहेत.

आधार क्रमांक बारा अंकी असतो. बारा अंकी मूळ संख्या एकूण ३३,४८,९८,५७,२०५ आहेत. म्हणजे केवळ बारा अंकी मूळ संख्या वाटायच्या ठरवल्या, तरी पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला चार-चार देता येतील. शंभरच्या आत मूळ संख्या २५, म्हणजे चारांत एक. दहा लाखांच्या आत ७८,४९८, म्हणजे तेरांत एक. बारा अंकी संख्यांमध्ये साधारण सत्तावीसांत एक. यावरून अंदाज बांधायचा तर आज पाच कोटींच्या आसपास भारतीयांचा आधार क्रमांक मूळ संख्या असावा. तुमचा क्रमांक १, ३, ७ किंवा ९ नं संपत असेल, तर ही शक्यता अकरांत एक होते. पडताळायचं असेल तर दहा लाखांखालच्या ७८,४९८ मूळ संख्यांनी एकेक करून भागावं लागेल. सेकंदाला एक भागाकार केला तरी जवळपास बावीस तास.

आता खऱ्या कुलपाकडे वळू. रेशन दुकानात किंवा बँकेत तुम्ही यंत्रावर बोट टेकवता, तेव्हा ठशाची माहिती त्या यंत्रातच कूटबद्ध होते. ज्या किल्लीनं ती कूटबद्ध झाली, ती किल्लीही आधार प्राधिकरणाच्या सार्वजनिक किल्लीत बंद करून पाठवली जाते. या सार्वजनिक किल्लीचा गाभा म्हणजे २,०४८ बिटांची, दशमान पद्धतीत ६१७ अंकी संख्या. ती कुणीही पाहू शकतो. ती दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे, प्रत्येकी सुमारे ३०९ अंकी. त्या दोन संख्या ज्याच्याजवळ, कुलूप त्याचं. रॉन रिव्हेस्ट, आदि शमीर आणि लेनर्ड एडलमन यांनी १९७७ मध्ये ही पद्धत शोधली, आणि त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिला आरएसए म्हणतात.

मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आधारवर सुनावणी चालू असताना सरकारच्या वतीनं सांगण्यात आलं की ही माहिती तेरा फूट उंच आणि पाच फूट जाड भिंतींआड आहे. या विधानावर तेव्हा बरीच चर्चा झाली. प्राधिकरणाचे तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी अजय भूषण पांडे यांनी न्यायालयात केलेला दुसरा दावा मात्र अधिक महत्त्वाचा होता: एक कुलूप फोडायला वेगवान संगणकालाही विश्वाच्या वयाएवढा काळ लागेल. तो दावा आकड्यांत तपासून पाहू.

३०९ अंकांच्या आसपास सरासरी ७१० संख्यांमागे एक मूळ असते. मूळ संख्या मोठ्या आकाराला विरळ होतात, पण संपत कधीच नाहीत. विषम संख्याच चाचपल्या तर साधारण ३५५ प्रयत्नांत एक सापडते. म्हणून किल्ली बनवणं सोपं. १,०२४ बिटांच्या अशा मूळ संख्या एकूण किती? सुमारे १ वर ३०५ शून्यं. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त संख्यास्थानांची नावं परार्धापर्यंत जातात, म्हणजे १ वर १७ शून्यं. दिसणाऱ्या विश्वात अणू आहेत अदमासे १ वर ८० शून्यं. या प्रत्येक अणूचा एकेक संगणक केला, प्रत्येकानं सेकंदाला एक लाख कोटी भागाकार केले आणि विश्वाच्या जन्मापासून आजपर्यंतची १,३८० कोटी वर्षं सगळे अखंड राबले, तर एकूण भागाकार होतील १ वर ११० शून्यांच्याही आत. कापायचं अंतर मात्र १ वर ३०५ शून्यं. त्याचा जेवढा भाग पार पडला, तो लिहायला दशांशचिन्हानंतर १९० हून अधिक शून्यं द्यावी लागतील.

अर्थात, कुणी शहाणा माणूस असे एकेक भागाकार करत बसणार नाही. अवयव पाडण्याच्या कितीतरी चतुर पद्धती आहेत, आणि खरा धोका त्यांचाच असतो. १९७७ मध्ये १२९ अंकी एक संख्या आव्हान म्हणून छापली गेली. ती फोडायला ४ कोटी अब्ज वर्षं लागतील असा अंदाज तेव्हा दिला होता. १९९४ मध्ये सुमारे ६०० स्वयंसेवकांनी आपापले संगणक इंटरनेटवरून जोडून ती आठ महिन्यांत फोडली. अंदाज कोसळायला सतरा वर्षं पुरली. फेब्रुवारी २०२० मध्ये २५० अंकी संख्या फुटली. त्यासाठी संगणकाच्या प्रोसेसरमधल्या एका कोअरनं २,७०० वर्षं राबावं एवढी मेहनत लागली. त्याच पद्धतीनं ६१७ अंकांपर्यंत जायचं तर मेहनत वीस हजार कोटी पटींच्या घरात वाढते. एक लाख कोअर कायम जुंपले तरी साडेपाचशे कोटी वर्षं. पृथ्वीचं वयही त्याहून कमी, साडेचारशे कोटी. न्यायालयातला दावा किती कोअर धरता त्यावर थोडा इकडे-तिकडे होतो, पण मुद्दा तोच राहतो: आजच्या संगणकांवर, माहीत असलेल्या कोणत्याही रीतीनं हे कुलूप फुटत नाही.

फुटतं ते निष्काळजीपणानं. १ वर ३०५ शून्यं इतक्या मूळ संख्या असताना दोन यंत्रांनी योगायोगानं एकच संख्या निवडावी हे कधी घडायलाच नको. तरी २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरच्या लाखो सार्वजनिक किल्ल्या गोळा करून तपासल्या, तेव्हा दर हजारी सुमारे दोन किल्ल्या उघड्या निघाल्या. यंत्रांनी यादृच्छिक संख्या नीट न निवडल्यामुळे तीच मूळ संख्या अनेकांच्या किल्लीत शिरली होती. दोन किल्ल्यांत एक अवयव समान असेल, तर युक्लिडची मसावि काढण्याची तेवीसशे वर्षं जुनी रीत तो क्षणात बाहेर काढते. शाळेत आपण मसावि काढतो, तीच.

चार कोटी अंकांची संख्या

कुलपाला ३०९ अंक पुरतात, माणसाच्या कुतूहलाला पुरत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरांट या अमेरिकन शोधकानं आजवरची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या मिळवली: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. सेकंदाला एक अंक या वेगानं न झोपता, न जेवता वाचली तर ४७५ दिवस लागतील. एका पानावर २,००० अंक छापले तर २०,५१३ पानं होतील. एका अंकाला चार मिलिमीटर जागा देऊन ती सरळ रेषेत लिहीत निघालं, तर बंगळुरूहून म्हैसूर मागे टाकून रेषा पुढे जाईल, कारण तिची लांबी १६४ किलोमीटर भरते.

एवढ्या संख्येचे शेवटचे दोन अंक मात्र आपण कागदावर काढू शकतो. २ च्या घातांचे शेवटचे दोन अंक दर वीस पायऱ्यांनी तेच येतात. १३,६२,७९,८४१ ला २० नं भागलं की १ उरतो. २१ ला २० नं भागल्यावरही १ च उरतो, आणि २ चा २१ वा घात आहे २०,९७,१५२. त्यातून १ गेला की शेवट ५१. चार कोटी अंकांच्या संख्येबद्दलची ही खात्री आपल्याला दोन ओळींत मिळते. प्रचंड आकड्यांपुढे माणूस हतबल नसतो, हे मूळ संख्यांनी शिकवलेलं मला सर्वांत मोलाचं वाटतं. विश्वाचे अणू खर्चूनही जे मोजता येणार नाही, त्याविषयी ठाम विधान करायला योग्य विचार पुरतो.

भरवसा, पण सिद्धता नाही

मग अवयव पाडणं खरोखर अवघड आहे, हे तरी कुणी सिद्ध केलं आहे का? नाही. आधारची, बँकांची, सरकारी सह्यांची सगळी मदार ज्या अवघडपणावर आहे, तो आजही केवळ अनुभव आहे. शेकडो हुशार माणसांनी प्रयत्न केले आणि त्यांना झटपट मार्ग सापडला नाही, इतकाच तो पुरावा. २००२ पूर्वी मूळ संख्या खात्रीनं ओळखण्याच्या झटपट मार्गाचीही हीच स्थिती होती, आणि तो मार्ग नऊ पानांत निघाला.

क्वांटम संगणकांच्या बाबतीत तर उत्तर आधीच उलट आहे. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवलं की पुरेसा मोठा क्वांटम संगणक अवयव झटपट पाडेल. ६१७ अंकी कुलपासाठी २०१९ मधला अंदाज होता दोन कोटी क्यूबिट आणि आठ तास. मे २०२५ मध्ये तो दहा लाखांपेक्षा कमी क्यूबिट आणि आठवड्याहून कमी वेळ इथवर उतरला. इतकं मोठं यंत्र आज कुठेही नाही, पण तयारी सुरू झाली आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेनं ऑगस्ट २०२४ मध्ये मूळ संख्यांवर न विसंबणाऱ्या नव्या कुलपांची मानकं जाहीर केली. भारतानं एप्रिल २०२३ मध्ये सहा हजार कोटींहून अधिक रुपयांचं राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केलं. त्यातलं क्वांटम संगणनाचं केंद्र बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आहे.

त्याच शहरात नीरज कयाल यांचं काम उलट्या दिशेनं चालतं. २०२१ मध्ये त्यांना गणितासाठी इन्फोसिस पुरस्कार मिळाला, तो बीजगणितातली काही कामं थोडक्या पायऱ्यांत होणं शक्यच नाही हे सिद्ध करण्याच्या पद्धती घडवल्याबद्दल. काम झटपट होतं हे दाखवायला एक युक्ती पुरते. ते कधीच झटपट होणार नाही हे दाखवायचं, तर अजून कुणाला न सुचलेल्या युक्त्यांचाही निकाल लावावा लागतो. अवयव पाडण्याच्या बाबतीत तिथवर कुणी पोचलेलं नाही.

शाळेत मूळ संख्यांचा धडा येतो तेव्हा मुलांना ‘अवयव पाडा’ म्हणून दहा गणितं दिली जातात आणि धडा संपतो. त्यांना अकरावं गणितही द्यायला हवं: दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार दिला असता त्या संख्या झटपट शोधण्याची रीत साध्या संगणकासाठी आहे का, असल्यास सांगा, नसल्यास सिद्ध करा. प्रश्न त्यांना पूर्ण कळेल. त्याचं उत्तर आज त्यांच्या शिक्षकांना, बंगळुरूला किंवा जगात कुणालाही ठाऊक नाही, हेही त्याच तासाला त्यांना सांगायला हवं.